समुपदेशनाचे पत्र

पत्र घरी आले तेव्हा अमृत एरंडोलजवळच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरत होता. त्यामुळे ते कोकिळाने फोडले. ‘दिनांक चौदा रोजी समुपदेशनासाठी व्यक्तिशः उपस्थित राहावे,’ एवढेच तिच्या नजरेत भरले.

सरकारी भाषेत समुपदेशन म्हणजे बदलीपात्र कर्मचाऱ्याला बोलावून रिक्त जागांमधून एक निवडायला लावणे. अमृतच्या घरात मात्र या शब्दाला अकरा वर्षे एकच अर्थ होता: मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यातली मागची खोली, महिन्याचा पहिला गुरुवार. नवऱ्याच्या कार्यालयाला सगळे कळले, असे कोकिळाने गृहीत धरले आणि रिक्षा करून ती थेट जळगावच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत गेली.

अमृतला द्विध्रुवी विकार होता. लिथियमच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी आणि ठरलेल्या वेळी झोप, एवढ्या आधारावर त्याची रसायनतज्ज्ञाची नोकरी बिनबोभाट चालली होती. आजार दोनदा उसळला, दोन्ही वेळा बिऱ्हाड हलवल्यानंतर. दोन निरीक्षणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे त्याला मान्य होते. तिसरे निरीक्षण स्वतःवर घेण्याची मात्र त्याची तयारी नव्हती. आजारपणामुळे बदलीतून सूट मिळत असे, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागे आणि प्रमाणपत्रावर आजाराचे नाव. या पेचात तो तीन आठवडे अडकला होता. बदलीच्या यादीत आपले नाव आहे, हे त्याने कोकिळालाही सांगितले नव्हते.

त्या दिवशी चार वाजता तो प्रयोगशाळेत परतला, तेव्हा वरिष्ठ लिपिक भाईदास नानांनी उठून त्याच्या हातातला बाटल्यांचा क्रेट काढून घेतला.

“राहू द्या नाना, मी ठेवतो.”

“नको भाऊ. तुम्ही बसा.” एरवी नाना त्याला ‘ओ शास्त्रज्ञ’ म्हणून हाक मारत. आज ते एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाशी बोलावे तसे बोलत होते. “आते डोकं शांत शे ना?”

“माझ्या डोक्याला काय झालंय?”

“कोकिळाताई येऊन गेल्या. साहेबांपुढं हात जोडत होत्या. म्हणे, नऊ वर्षांत एकदाही झटका नाही, गोळ्या मी स्वतः हातावर ठेवते. बठ्ठं सांगितलं बिचारीनं, काही बाकी ठेवलं नाही.”

घरी कोकिळा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “बदलीचं मला आधी सांगितलं असतं तर?” तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला खुर्ची दिली. “सूट घ्या, जळगावातच राहा. तुमचे डॉक्टर इथेच आहेत. फक्त अहवालांवर सही दुसऱ्याची असेल. तुम्ही भांडार सांभाळा.”

“माझा एखादा अहवाल चुकला आहे का, सर?”

“तसं नाही. पण उद्या चुकला, तर लोक मला विचारतील.”

चौदा तारखेला पडद्यावर दोन रिक्त जागा दिसत होत्या: धुळे आणि पिंपळनेर. डॉक्टरांकडून घेतलेले प्रमाणपत्र अमृतच्या खिशात होते. धुळे नव्वदेक किलोमीटर. महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे येणे शक्य होते. बिऱ्हाड हलवण्यातला धोका त्याने कमी लेखला नाही. पण धुळ्यात त्याच्याविषयी कोणालाही काही ठाऊक नव्हते, आणि तिथल्या अहवालांवर त्याची सही चालणार होती. त्याने “धुळे” म्हटले आणि प्रमाणपत्र खिशातच ठेवले.

कार्यमुक्तीचा आदेश देताना नानांचे डोळे भरून आले होते.

“तिकडची चिंता करू नका, भाऊ. तिथले निंबाभाऊ आपलाच माणूस. मी त्यांना कालच फोनवर समजावून सांगितलं. तुमच्या हातात काचेचं काही देणार नाहीत.”

अमृतने आदेशाच्या पोचेवर सही केली आणि नानांचे आभार मानले.