तूप वाढायचं राहिलं

"काका, दर रविवारी आपण ज्या मुलांना शिकवायला जातो, ती मुलं आपल्या आवळी भोजनाला का नसतात?"

प्रश्न अबोलीनं विचारला खरा, पण त्यासाठी तिला उभं केलं होतं निनाद आणि पूजा या तिच्या दोस्तांनी. सभा सुरू झाल्यापासून मागच्या रांगेत बसून दोघं तिला डिवचत होते. "शाळेत डिबेट जिंकलीस ना? मग इथे बोलून दाखव, विश्वनाथकाकांसमोर. फुलकी माझ्याकडून," निनाद म्हणाला. पूजानं फोडणी दिली, "ही काय बोलणार! मागच्या वर्षी आभार मानताना माईक धरून थरथरत होती." झालं. अबोली ताडकन उभी राहिली आणि मोठ्यानं विचारून बसली. मागच्या वर्षीची अबोली वेगळी होती. आता ती अकरावीत होती, तिच्या आवाजाला धार आली होती, आणि ती धार कुठेतरी चालवून बघायला तिचे हात शिवशिवत होते.

मंडळाच्या हॉलमध्ये कुजबुज उठली. स्नेहबंध मंडळात असले प्रश्न कोणी विचारत नसे. हिंदी मुलखातल्या या शहरात अवधपुरी वसाहतीतली मराठी घरं या मंडळात एकत्र यायची. कुणी कारखान्यात बदली होऊन नाशिक-सोलापूरहून आलेलं, कुणी पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेर-उज्जैनचं. मंडळाची कामं दोन, सहली आणि सेवा. सहल म्हणजे सांची, भीमबेटका आणि कार्तिकातलं आवळी भोजन. सेवा म्हणजे रक्तदान, थंडीत कांबळी वाटणं आणि गोविंदपुऱ्यात कारखान्यांच्या मागच्या बस्तीत रविवारचा वर्ग. कांबळी वाटायला मोठी माणसं असत, कारण तिथे फोटो निघत. वर्ग पोरांच्या गळ्यात.

अध्यक्ष विश्वनाथकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांचा चेहरा खुलला. "वा! याला म्हणतात तरुण रक्त! का नसतात? अरे, यंदा असतील! सगळी येतील!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अबोलीचे बाबा, म्हणजे मंडळाचे सचिव आशिष, पुढच्या खुर्चीत बसून सभेचं टिपण घेत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि ते हसले. पूजानं अबोलीचा दंड दाबला. सभा संपल्यावर पाणीपुरीच्या गाड्यावर निनादनं फुलकी खाऊ घातली, आणि "आणखी दे, आणखी दे" करत अबोलीनं त्याचा खिसा रिकामा केला.

रविवारी तिनं वर्गात जाहीर केलं तेव्हा मारुतीच्या देवळाचा पत्रा उडेल असा गलका झाला. त्या पत्र्याखालीच वर्ग भरायचा. पुढचे दोन दात पडलेली चांदनी मात्र ओरडली नाही. तिला आधी सगळं नीट समजून घ्यायचं होतं.

"दीदी, थाली में मिलेगा?"

"नहीं रे, पत्ते पे. आँवले के पेड़ के नीचे, लाइन से बैठके."

"आप किधर बैठोगी?"

"तेरे बाजू में."

"पक्का?"

"एकदम पक्का."

मग अबोलीच्या डोक्यात आलं की पंगतीत बसायचं तर जेवणाआधीचा श्लोक यायला हवा. घरी बाबांना विचारलं, तर ते "शिकव की, छान होईल" म्हणाले. पुढचे सगळे रविवार पोरांनी श्लोक घोकला. 'ळ' काही केल्या त्यांच्या जिभेवर बसेना. चांदनी तर 'ळ' आला की जीभ टाळूला चिकटवून इतका जोर लावायची की डोळे बाहेर यायचे. पण शेवटी तिला तो जमला, आणि मग ती बस्तीभर ळ, ळ, ळ करत फिरली.

आवळी भोजन होतं रायसेन रोडवर, विश्वनाथकाकांच्या मेहुण्याच्या फार्महाऊसवर. सकाळीच मंडळाची बस पोचली. मागून मिनीबसनं बस्तीतली पोरं आली, तेल लावून चापूनचोपून भांग पाडलेली. चांदनीनं कुणाचा तरी मोठा फ्रॉक घातला होता आणि कमरेला पिन लावली होती. पोरं झाडाखाली गेली, पडलेले आवळे वेचून चावले, तोंडं वेडीवाकडी केली, वरून पाणी पिऊन "मीठा लगता है!" म्हणून ओरडली. लगोरी झाली, रस्सीखेच झाली. अबोली घामानं निथळत होती आणि तिला वाटत होतं, हे सगळं आपल्या एका प्रश्नानं झालं!

बाराच्या सुमाराला विश्वनाथकाकांनी बॅनरपुढे पोरांना उभं केलं. बॅनरवर लिहिलं होतं, 'मराठी संस्कार बस्तीपर्यंत'. पोरांनी हात जोडून श्लोक म्हटला. एकही शब्द चुकला नाही. चांदनीचा 'ळ' तर असा खणखणीत लागला की काकूमंडळींनी "अगं बाई!" म्हणून गालाला बोटं लावली. फोटो निघाले, व्हिडिओ निघाले, पोरं श्लोक संपवून श्वास घेतात न घेतात तोच ते मंडळाच्या ग्रुपवर पडलेही.

"मुलींनो, वाढायला चला!" स्वयंपाकाच्या बाजूनं सुलभाकाकूंची हाक आली. हाक मुलींनाच असायची. मुलगे सतरंज्या घातल्या की मोकळे. एरवी अबोली यावरून भांडली असती, पण आज तिला घाई होती. वाढून झालं की तिला चांदनीशेजारी बसायचं होतं. पूजाच्या हाती मीठ-लिंबू आलं, अबोलीच्या हाती तुपाचं भांडं.

मंडळाच्या पंगतीचे नियम कडक. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, उजवीकडे भाज्या, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण, आणि सगळ्यात शेवटी तूप. भातावर तुपाची धार पडल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही. भुकेनं जीव जायला आला तरी नाही.

अबोली तूप घेऊन बाहेर आली आणि दोन्ही ओळींवरून तिनं नजर फिरवली. जोशी, करमरकर, पाठक, शिंदे, त्यांचे पाहुणे, पाहुण्यांची पोरं. निनाद मांडी ठोकून बसला होता. विश्वनाथकाका ओळीच्या तोंडाशी, त्यांच्या शेजारी बाबा. एकही पान रिकामं नव्हतं.

"काकू, मुलं कुठेयत?"

"कोण मुलं? हां, ती! अगं, त्यांना पॅकेटं दिली ना गेटपाशी. पुरी-भाजी, बुंदीचा लाडू. एकदम छान सोय केलीय."

"पण ती पंगतीत बसणार होती."

सुलभाकाकू आवाज उतरवून समजावण्याच्या सुरात आल्या. "अबोली, त्यांना कुठलं आवडायला आपलं वरणभात नि अळूची भाजी? आणि असं चारचौघांत मांडी घालून बसायचं म्हणजे संकोचतात गं लेकरं."

ज्यांच्या घरात खुर्ची नाही, त्यांना मांडी घालायचा संकोच! अबोली भांडं तसंच हातात घेऊन गेटकडे धावली. तूप डचमळून मनगटावर सांडलं, चटका बसला, तिनं पाहिलंही नाही.

मिनीबस सुरू झाली होती. आत पोरं पॅकेटं उघडत होती. "दीदी, लड्डू है!" एकजण खिडकीतून खुशीत ओरडला. चांदनीचं पॅकेट तिच्या मांडीवर होतं, रबर न काढलेलं.

"चांदनी, उतर. सब उतरो. मैं बात करती हूँ."

"मैडम, मेरी दूसरी बुकिंग है," ड्रायव्हर म्हणाला. "उन्होंने बोला बच्चों को छोड़ के आओ."

चांदनी अबोलीकडे बघत होती. रडत नव्हती. "आपने तो बोला था बाजू में बैठोगी."

"हाँ, मुझे भी…"

"झूठी," चांदनी म्हणाली, आणि तिनं खिडकीची काच ओढून घेतली.

धूळ खाली बसेपर्यंत अबोली तिथेच उभी राहिली. मग वळली. कानशिलं तापली होती. चांदनी आपल्याला 'झूठी' म्हणाली ते बरोबर म्हणाली, आणि तरीही आपण खोटं बोललो नव्हतो, हे दोन्ही एकदम खरं कसं, या विचारानं तिला कुणाला तरी चावावंसं वाटत होतं.

पंगत वाट बघत होती. "अगं तूप!" "तूप कुठे गेलं?" "भात निवला की!" दोन्ही ओळींमधून आवाज येत होते. कुणीतरी म्हणालं, "आली, आली, तूपवाली आली," आणि लोक हसले.

अबोली ओळींच्या मधोमध थांबली. "काका, मला परत तोच प्रश्न विचारायचाय. ती मुलं इथे का नाहीत?"

"बेटा, आधी तूप वाढ. मग बोलू सावकाश."

"आधी उत्तर."

विश्वनाथकाकांच्या कपाळाला आठी पडली, पण आवाज मऊच. "अगं, त्यांना बोलावलं, खेळवलं, खाऊ दिला. आणखी काय करायचं माणसानं? आणि भरल्या पानांपुढे असा वितंडवाद घालायचा नसतो. अन्नाचा अपमान होतो."

"अन्नाचा?" अबोलीचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "श्लोक त्यांच्याकडून म्हणवून घेतला आणि जेवायला आपण बसलो! फोटोत त्यांचे हात जोडलेले, आणि पानं आपल्यापुढे! मग श्लोक तरी आपला आपण म्हणायचा होता ना. त्या पोरीनं 'ळ' यावा म्हणून जीभ झिजवली, ती काय तुमच्या बॅनरसाठी?"

"आशिष," पलीकडच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "सांभाळ रे लेकीला."

"तूप आहे माझ्या हातात," अबोली म्हणाली. "मी नाही वाढणार. बसा."

आणि खरंच सगळे बसून राहिले. नियम तो नियम. इतकी मोठमोठी माणसं, कुणी इंजिनीयर, कुणी प्राध्यापक, पानांपुढे हात आवरून, गार होणाऱ्या भाताकडे बघत. निनादनं मान खाली घातली होती. पूजा मिठाची वाटी छातीशी धरून उभी. अबोलीला वाटलं, आता कुणीतरी उठेल. एक जण जरी उठला आणि म्हणाला की पोरीचं बरोबर आहे, तरी पुरे.

एक जण उठला. तिचे बाबा. भरल्या पानावरून उठून ते तिच्यापाशी आले. अबोलीच्या डोळ्यांत एकदम पाणी भरलं, आनंदाचं.

"दे इकडे," बाबा म्हणाले.

त्यांनी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं, वळले, आणि विश्वनाथकाकांच्या पानापासून, कमरेत वाकून, तूप वाढायला सुरुवात केली.

संध्याकाळी अवधपुरीच्या घरात अबोली सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. आईनं, विनितानं, डब्यात आणलेला मसालेभात गरम करून पुढे ठेवला.

"खाऊन घे, मग भांड."

"तुम्हाला माहीत होतं?" अबोलीनं बाबांना विचारलं.

बाबा उगाच टीव्हीच्या रिमोटशी चाळा करत होते. टीव्ही बंद होता. "कमिटीत ठरलं. काही घरांना अडचण वाटत होती."

"कुठे ठरलं?"

आई म्हणाली, "इथेच. तू ट्यूशनला गेली होतीस."

"म्हणजे मी विचारलं, श्लोक शिकवू का, तेव्हा माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, छान होईल!"

"मला वाटलं, तेवढा दिवस तरी चांगला जाईल."

"कोणाचा?"

बाबांनी रिमोट आपटला. "तुला काय वाटतं, मला आवडलं ते? आम्ही इथे आलो तेव्हा या शहरात एक माणूस ओळखीचा नव्हता. तुझ्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलात कोण धावत आलं? विश्वनाथकाका! तुझं बारसं कोणी केलं? सुलभाकाकूंनी! मंडळ म्हणजे आपली माणसं आहेत, अबोली. आपल्या माणसांना भरल्या पंगतीत असं…"

"आणि चांदनी कोण?"

"मी यांना म्हटलं होतं," आई हळूच म्हणाली, "की हे बरं दिसत नाही."

"मला का नाही म्हटलंस?"

आईनं मसालेभाताचं ताट उगाचच थोडं आणखी पुढे सरकवलं.

"विश्वनाथकाकांचा फोन आला होता," बाबा आता थकलेल्या आवाजात म्हणाले. "मोठ्या मनाचा माणूस आहे. म्हणाले, पोर आहे, विसरून जाऊ. उद्या येऊन फक्त सॉरी म्हण, संपलं."

अबोली उठून उभी राहिली. सभेत उठताना निनाद-पूजानं डिवचावं लागलं होतं. आता मागे कोणी नव्हतं. राग मात्र असा भरला होता की शब्द मोजून मोजून काढावे लागत होते.

"उद्या मी काकांकडे जाणार नाहीये. शाळेतून परस्पर गोविंदपुऱ्यात जाणार. चांदनीला सांगणार, दीदी खोटं बोलली नव्हती, दीदीला खोटं सांगितलं होतं. कुणी, असं ती विचारेल. फार प्रश्न विचारते ती. आणि मी सांगणार."

"अबोली!"

"थांबा, माझं झालं नाहीये. मंडळातून माझं नाव काढा. तुम्ही सचिव आहात, तुम्हाला जमेल. वर्ग मी सोडत नाही. पुढच्या रविवारपासून तो आपल्या घरच्या हॉलमध्ये भरेल, आणि मुलं जेवून जातील. आपल्या ताटांत, इथे खाली बसून. आई, तुला वाढायचं असेल तर वाढ, नाहीतर मी वाढीन. बाबा, तुम्हाला त्यांच्या ओळीत बसायचं असेल तर बसा. नसेल बसायचं, तर त्या दिवशी मंडळाची कुठेतरी सहल ठेवा. पण मी त्यांना बोलावणार आहे."