अंगठा काढू नका

सासरे आठवडाभर राहायला येणार हे कळल्यावर गिरीराजने गाडी गॅरेजला द्यायचा बेत रद्द केला. गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाचा ब्रेक अडकत होता. चाकाला चिमट्यासारखा पकडणारा भाग, म्हणजे कॅलिपर, बदलावा लागणार होता. "त्यात काय, मीच बदलतो," असं त्याने बायकोला, सुखदाला सांगितलं. सुखदाने फक्त एकदा त्याच्याकडे पाहिलं. याच माणसाने मागे पंख्याचं एक पातं उलटं बसवलं होतं.

खरं कारण वेगळंच होतं. सूर्यकांतराव रेल्वेत सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. लग्न झाल्यापासून सासरा-जावयाचं संभाषण "प्रवास कसा झाला?" "बरा झाला," याच्या पुढे गेलं नव्हतं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या आपल्या जावयाच्या हातालाही ग्रीस लागतं, हे त्यांना दिसावं एवढीच गिरीराजची इच्छा.

रविवारी सकाळी बंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या त्यांच्या इमारतीच्या तळघरात गाडी जॅकवर चढली. सूर्यकांतराव हात मागे बांधून उभे. गिरीराजने जुना कॅलिपर सोडवला, त्याला जोडलेल्या नळीचा बोल्ट काढला आणि नळीच्या टोकाच्या कड्यातून ब्रेक ऑइलची धार लागली. शिकण्यासाठी पाहिलेल्या व्हिडिओत ही धार नव्हती, किंवा त्याने तेवढा भाग पुढे ढकलला होता. सगळं ऑइल गेलं तर नळ्यांत हवा शिरणार, मग साऱ्या चाकांच्या ब्रेकमधली हवा काढत बसायचं, एवढं मात्र त्याला आठवलं. त्याने चटकन ते कडं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबलं. धार थांबली.

"बाबा, त्या खोक्यातला नवा कॅलिपर देता का?"

सूर्यकांतरावांनी खोकं उघडलं, वस्तू उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "यावर लेफ्ट लिहिलंय."

गिरीराजने ऑर्डर करताना गाडीसमोर उभं राहून डावं-उजवं ठरवलं होतं. त्याच्या डाव्या हाताला होतं ते गाडीचं उजवं. हे सासऱ्यांना समजावून सांगण्यापेक्षा त्याने पाठवणाऱ्या कंपनीला दोन शब्द सुनावले.

उजवा भाग यायला काही दिवस लागणार, तोवर चिमटी धरून बसता येणार नव्हतं. आधी प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड झालं. पिशवीसकट थेंब पडायला लागले. मग चिकटपट्टी, ती ऑइलवर चिकटायलाच तयार नव्हती.

"कड्याला दोन्हीकडून रबरी वायसर लावून बोल्ट आवळला तर?" गिरीराज म्हणाला. त्या दिवसातली त्याची ही पहिली बरी कल्पना.

सूर्यकांतरावांनी बाह्या दुमडल्या. "मी धरतो. अरे, पळ!"

आजवर 'तुम्ही' म्हणणाऱ्या सासऱ्यांचा तो 'अरे' ऐकून गिरीराज खरंच पळाला.

"अंगठा काढू नका, बाबा!" तो जिन्यावरून ओरडला.

कोपऱ्यावर नागराजचं हार्डवेअरचं दुकान होतं. गिरीराजचं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढ्यातच संपत असे, त्यामुळे त्याने बोटांनी कडं, नळी आणि धार करून दाखवली. "नल लीक?" नागराजने विचारलं. "सरी, सरी," गिरीराज म्हणाला, आणि नळाचे वायसर, बोल्ट, नट घेऊन परतला.

तळघरात शेजारच्या भागुबाई उभ्या होत्या. त्या मूळच्या निपाणीच्या, पण उभा संसार बंगळुरूत गेलेला. सूर्यकांतराव उकिडवे बसून नळी धरून होते आणि भागुबाई त्यांच्या तोंडाशी कॉफीचा पेला धरत होत्या.

"हात अडकलाय अण्णांचा," त्यांनी गिरीराजला सांगितलं. "म्हटलं, स्वल्प कॉफी तरी घ्या."

सूर्यकांतरावांनी वर पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. गिरीराजलाही. दोघं इतके हसले की नळी सुटली आणि ऑइल गिरीराजच्या बुटात गेलं. मग एकाने बोल्ट धरला, दुसऱ्याने नट आवळला. दोघं खाली वाकून पाहत राहिले. एक थेंबही नाही. सूर्यकांतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शर्टावर तेलकट पंजा उमटला.

तेवढ्यात सुखदा खाली आली. तिने सगळा पसारा पाहिला, हकिकत ऐकली, आणि वर्तमानपत्रावर पडलेल्या जुन्या कॅलिपरकडे बोट केलं.

"नळी पुन्हा यालाच का नाही जोडून ठेवली? गळायचं थांबलं असतं ना?"

दोघांनी जुन्या कॅलिपरकडे पाहिलं. असतं. काढलेला बोल्टही शेजारीच पडला होता. गिरीराज तोंड उघडणार, तोच सूर्यकांतराव खाकरले.

"आमचा विचार झाला होता त्यावर," ते गंभीरपणे म्हणाले.

"मग?"

"नाही पटला."

गिरीराजने तितक्याच गंभीरपणे मान डोलावली.