सोळाव्या चॅनलची कामचुकारी

लिफ्टदुरुस्ती कंपनीच्या तक्रारकेंद्राचा प्रमुख व्हायला टेलिफोनमधलं काही कळावं लागत नाही, आणि साहेबांनी या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला होता. पूर्वी केंद्राकडे लहान दुकानांना मिळते ती सेवा होती: बोलायला दोन चॅनल आणि संकेतांसाठी एक. साहेबांनी वरपर्यंत खेटे घालून मोठी सेवा मिळवली, बोलायला तीस आणि संकेतांसाठी एक. तेव्हापासून ते ‘आमची तीसची लाइन’ म्हणत, लोक मुलाच्या मार्कांबद्दल बोलतात त्या सुरात.

देखभाल त्यांचा भाचजावई बघायचा, करारावर. करार महिनाअखेरीस संपत होता आणि पुढच्या करारावर सही साहेबांची लागायची. तो त्यांना घरी मामा म्हणायचा, ऑफिसात साहेब. ते त्याला दोन्हीकडे जावईबापू म्हणत आणि दोन्हीकडे बसायला सांगत नसत.

सोमवारी साहेबांनी कोणत्या चॅनलवर किती मिनिटं बोलणं झालं, याचा तक्ता मागवला आणि त्यात बोट खुपसलं.

“हा सोळा नंबर बघा. महिनाभरात शून्य मिनिटं! बाकीचे मरमर मरतायत आणि हा नुसता बसून खातोय.”

“साहेब, तो बोलायचा नाहीच, संकेतांचा आहे. फोन आला, कुणाचा आला, कुठल्या चॅनलवर घ्यायचा, कधी संपला, हे तो बाकीच्यांना सांगतो. तो बंद केला तर तीसच्या तीस मुके होतील.”

“म्हणजे सुपरवायझर.”

“तसं म्हणा.”

“सुपरवायझर इथे मी आहे.”

साहेबांनी तक्ता मिटून बाजूला सारला.

“बंद करा तो. आणि ती जागा माझ्या टेबलावर खासगी लाइन म्हणून द्या.”

“अहो मामा, नाही होत तसं.”

“जावईबापू, तुमच्या कराराची फाइल माझ्याकडेच पडलीय. अजून उघडली नाही मी.”

“मग लेखी द्या.”

लेखी मागितलं की माणूस कचरतो, असा त्याचा समज होता. तो समज ज्यांना स्वतःबद्दल कधीतरी शंका येते, अशा माणसांपुरता खरा असतो. साहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं, वर शिक्का मारला आणि तो पुसट उठला म्हणून आणखी एक मारला.

अकरा वीसला त्याने सोळावं चॅनल बंद केलं. पॅनलवरचे तीसही दिवे गेले. हॉलमध्ये तक्रारी घेणाऱ्या आठ जणींनी कानावरचे हेडफोन काढले.

“अगं, माझा तो सातव्या मजल्याचा अर्ध्यातच गेला.”

“सुटला असेल.”

“कसला सुटतोय! लिफ्टमधूनच बोलत होता.”

“मग कुठे जातोय? बस, चहा घेऊ.”

साहेबांना शांतता ऐकू आली आणि ती त्यांनी शिस्त म्हणून स्वीकारली. खासगी लाइनही मुकीच होती, पण ती इतकी खासगी होती की त्यांनी ती उचलून बघितली नाही.

शुक्रवारी साप्ताहिक अहवाल वर गेला. तक्रारी: शून्य. दुपारी मोठे साहेब जातीने हजर झाले.

“सकाळपासून तीनदा फोन केला तुम्हाला, लागतच नाही.”

“कामच तेवढं आहे, सर.”

“दिसतंय. आणि तक्रार एकही नाही! केलंत काय हे?”

“सोळावं चॅनल काढलं, सर. ऐतखाऊ होतं.”

“बाकीच्या अकरा शाखांत?”

“तिथेही बसलेलंच असणार.”

दारात उभ्या भाचजावयाने तोंड उघडलं. साहेबांनी त्याच्याकडे न बघता कराराची फाइल ओढली, उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. त्याने तोंड मिटलं. तीन वर्षांचा करार झाला, अकराही शाखांचं काम धरून.

सोमवारी तो पहिल्या शाखेत गेला. ऑफिस नवव्या मजल्यावर होतं. तो जिन्याने चढला.