साधी सूज

जारल्लाह उपचाराच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या गालांवर वळ नव्हते.

पहिल्या दिवसापासून ते असायचे. प्लॅस्टिकची जाळी गरम करून त्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर बसवून मुखवटा केला होता. टेबलाला तो अडकवला की डोकं केसभरही हलत नसे. सुटून आल्यावर गालांवर, गळ्यावर बारीक चौकटी उमटलेल्या असत. "घ्या, मासा आजही जाळ्यातून सुटला," असं म्हणत ते लेकीच्या, जवाहिरच्या, हातून डोक्याचा रुमाल घेत. आज त्यांनी काही न बोलता रुमाल घेतला आणि खुर्चीत बसले. जवाहिरला गाल कोरे पाहून बरं वाटलं. कातडी निवळत असेल, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात डॉक्टर अरवांनी तिला आणि तिच्या भावाला, नायफला, आत बोलावलं. "वडिलांना बाहेरच बसू द्या," त्या म्हणाल्या.

त्यांच्या पडद्यावर मानेची दोन चित्रं एकावर एक ठेवलेली होती. बाहेरची रेघ उपचार सुरू होण्यापूर्वीची, आतली आजची. दोन्हींच्या मध्ये एक करडी पट्टी उरली होती.

"हे मांस गेलंय," डॉक्टर म्हणाल्या. "मुखवटा ढिला झालाय म्हणून आज आम्ही किरण सोडलाच नाही, नुसतं स्कॅन केलं. ते जेवतात ना?"

"जेवतात," नायफ म्हणाला. "मी स्वतः दुपारी ताट नेऊन ठेवतो. रिकामं परत येतं."

"रोजे धरत नाहीत?"

"छे! पहिल्या दिवशीच बजावलंय."

डॉक्टरांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "साधे किरण अंगातून आरपार जातात. प्रोटॉन जात नाही. सांगितलेल्या खोलीवर पोचला की थांबतो आणि आपली ताकद तिथेच टाकतो. यांची गाठ मणक्यात आहे, तिच्या मागे लगेच मज्जारज्जू. म्हणूनच हा उपचार निवडला. पण ती खोली आम्ही जाड मानेवरून मोजली होती. मान रोडावली की वाटेतलं मांस कमी झालं. मग तो तेवढाच पुढे जातो."

"किती पुढे?" जवाहिरनं विचारलं.

"काही मिलिमीटर."

"मिलिमीटर होय!" नायफनं श्वास सोडला.

"मज्जारज्जूही तिथून काही मिलिमीटरवरच आहे," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, "हातापायांना मुंग्या येतात असं काही म्हणाले? मान खाली वाकवली की पाठीतून झटका बसतो, असं?"

"नाही," दोघं म्हणाले.

"विचारा. गेल्या काही दिवसांत तिथे किती डोस पोचला ते आम्ही काढतोय. इजा झाली असेल तर कळायला महिने लागतील. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित हात जातील, चालणं जाईल. उपचार आज थांबवलाय. नवा मुखवटा, नवं मोजमाप करू, पण ते आणखी रोडावले तर तेही फुकट. आणि फार दिवस थांबताही येणार नाही. गाठ वाट बघत नाही." त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी त्यांच्यासमोर त्या रोगाचं नाव घेतलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते. ते विचारत नाहीत."

ते खरंच विचारत नसत. उनैझामध्ये, त्यांच्या गावी, त्यांच्या पिढीत कुणीच त्या रोगाचं नाव घेत नाही. 'ते दुखणं' म्हणतात, आणि ज्याला झालंय त्याच्यासमोर तेवढंही नाही. नायफनं त्यांना सांगितलं होतं, मानेत साधी सूज आहे, रियाधला नवं यंत्र आलंय, शेकून घेऊ. सहीचा कागदही त्यानंच पुढे धरला. मुलानं पुढे केलेला कागद वाचून बघणं जारल्लाहना त्याचा अपमान वाटला असता. त्यांनी सही केली आणि पेन परत दिलं.

गाडीपाशी भावंडं भांडली. जारल्लाह मागच्या सीटवर बसून काचेतून त्यांच्याकडे बघत होते.

"आजच सांगायचं," जवाहिर म्हणाली.

"सांग ना! सांग आणि उद्या त्यांना चादरीत गुंडाळून गावी ने. सालेह मामाचं आठवतं? नाव कळलं त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपला. पुन्हा उठला नाही."

"मामाचा रोग पोटभर पसरला होता."

"मोठी डॉक्टरीण! शाळेत चार पोरींना गणित शिकवतेस ते शिकव. माणसाचं मन मोडलं की अंग मोडतं."

"आणि अंग मोडलं की? पाय गेले की काय सांगशील, साधी सूज?"

काच खाली झाली. "रमजानात भांडू नका रे," जारल्लाह म्हणाले. "आणि भांडायचंच असेल तर एसी लावून भांडा. मी इथे शिजतोय."

रियाधमधल्या भाड्याच्या फ्लॅटवर आल्यावर नायफनं त्यांच्या खोलीत भात-कोंबडीचं ताट ठेवलं आणि तो फळं, दही आणायला बाहेर पडला. थोड्या वेळानं जवाहिरनं दार ढकललं. जारल्लाह पलंगाच्या कडेवर बसून ताटातला भात ॲल्युमिनियमच्या डब्यात भरत होते. कोंबडीचे तुकडे वर नीट रचले होते.

"बाबा?"

ते दचकले, मग हसले. "सापडलो. मशिदीबाहेर इफ्तारची चटई पडते ना, तिथे नेतो. कामगार बसतात बिचारे. तुझ्या हातचं जेवून त्यातला एक मला रोज दुवा देतो. म्हणतो, मीठ जरा कमी असतं."

"तुम्ही रोजा धरलाय."

"रमजानात आणखी काय धरतात, ससाणे?"

"बाबा, तुम्हाला सूट आहे."

"सूट आजाऱ्याला. सुजेला नाही. मी मशिदीच्या इमामाला विचारून घेतलंय. तो म्हणाला, साधी सूज असेल आणि अंगात ताकद असेल तर धर."

"आणि इफ्तारला? तेव्हाही तुम्ही सूपच पिता."

"घसा जळतो गं. भात उतरत नाही." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. आता जवळून तिला त्यांच्या सदऱ्याची कॉलर दिसली. तिच्यात दोन माना मावल्या असत्या. "पण रागावू नकोस. एक गोष्ट सांगतो, नायफला बोलू नकोस, तो लगेच डॉक्टरकडे पळेल. दोनतीन दिवस झाले. सजद्यासाठी, कपाळ जमिनीला टेकायला, मान वाकवली की मानेतून पाठीत काहीतरी उतरतं. विजेसारखं, पार बोटांपर्यंत. इतकी वर्षं नमाज पढतोय, असं कधी झालं नाही. माझे वडील म्हणायचे, लाखात एखाद्याला सजद्यात असा स्पर्श होतो. मी म्हणायचो, म्हाताऱ्याला थंडी वाजते." त्यांचे डोळे भरून आले होते. "मी मुद्दाम सजदा लांबवतो हल्ली."

जवाहिर खाली बसली. तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. बोटं गार होती.

"बाबा, ती साधी सूज नाही."

"मग?"

बाहेरचं दार उघडलं. नायफ पिशव्या घेऊन खोलीच्या दारात आला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, नको म्हणून मान हलवली. जवाहिरनं त्या रोगाचं नाव घेतलं.

जारल्लाहनी मुलाकडे पाहिलं. "ही म्हणते ते खरं?"

"बाबा, हा बरा होणारा आहे, आणि हे यंत्र तर..."

"मी ते विचारलं नाही."

"खरं आहे."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. "म्हणजे तुम्ही मला इमामासमोर खोटं बोलायला लावलंत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. नायफनं पिशव्या जमिनीवर ठेवल्या.

मग त्यांनी विचारलं, "आणि ती वीज?"

जवाहिरनं डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. किरण कुठे थांबायला हवा होता, मान रोडावल्यामुळे तो कुठवर गेला असेल, आणि त्यांनी आज नेमकं कोणत्या झटक्याबद्दल विचारलं होतं. तो गाठीमुळे असेल, किरणांमुळे असेल, नक्की कुणी सांगू शकत नव्हतं. तेही तिनं सांगितलं.

"पाणी दे," ते म्हणाले.

तिनं ग्लास दिला. बिस्मिल्लाह म्हणून ते भर दुपारी पाणी प्याले, तीन घोटांत, प्रत्येक घोटाला डोळे मिटत. मग दह्याची वाटी मागून घेतली आणि चमच्यानं सावकाश अर्धी संपवली. जवाहिरनं डॉक्टरांना फोन लावला. लगेच घेऊन या, त्या म्हणाल्या, मान शक्यतो हलवू देऊ नका.

असरची, दुपार कलल्यावरच्या नमाजाची, अजान झाली. "नमाज पढून निघू," जारल्लाह म्हणाले.

"खुर्चीवर बसून पढा," जवाहिर म्हणाली. "मान सरळ ठेवून."

ते न ऐकल्यासारखं करून चटईवर उभे राहिले. नायफ त्यांच्या उजवीकडे, किंचित मागे, त्यांच्यापाठोपाठ नमाज पढायला उभा राहिला. ते कमरेतून वाकले तेव्हाही मान ताठ होती. मग ते गुडघ्यांवर आले, दोन्ही तळवे चटईवर टेकवले आणि तिथेच थांबले. कपाळ आणि चटई यांच्यात वीतभर अंतर होतं. त्यांचे दंड थरथरू लागले.

मागे नायफ उभाच होता. पुढच्यानं कपाळ टेकवल्याशिवाय मागच्याला खाली जाता येत नाही.