दोष माझ्या बुशांचा

रत्नागिरीत मांडवीला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये एक लाल, बुटकी गाडी उभी दिसते ना, ती मी. दारं दोन, माणसं दोन, त्यातलंही दुसरं जरा अंग चोरून बसलेलं. टप कापडाचा. बसताना आधी पाय आत सोडावे लागतात, आणि उतरताना मोठ्या माणसांच्या तोंडून हमखास "आई गं" निघतं. पण एकदा रस्त्याला लागले की लोक हातातलं काम सोडून बघतात.

जन्म माझा परदेशातला. आता साठीला टेकलेय. बोटीतून मुंबईला उतरले ती एका डॉक्टरांसाठी. त्यांची इथे आंब्याची बाग होती. दर मे महिन्यात ते मला घेऊन यायचे, पुढे पुढे इथेच ठेवून जायला लागले.

बागेचे राखणदार होते भिवा. त्यांचा मुलगा महेंद्र तेव्हा एसटीत नुकताच ड्रायव्हर लागला होता. सुट्टीच्या दिवशी तो यायचा, मला सुरू करायचा आणि खाऱ्या हवेनं गंज धरू नये म्हणून गोड्या पाण्यानं माझं पोट धुवायचा. डॉक्टर थकले तेव्हा त्यांनी माझे कागद महेंद्रच्या नावावर करून दिले. म्हणाले, "मी नुसता मालक होतो. सांभाळलंस तू."

महेंद्रनं बत्तीस वर्षं रत्नागिरी-देवरूख एसटी चालवली. दिवसभर ती अवाढव्य गाडी हाकून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा गाडीत कशाला बसेल? पण तो बसायचा. शेजारी त्याची बायको सुजाता, डोक्याला घट्ट रुमाल बांधून. घरात दोघं फारशी बोलायची नाहीत. माझ्यात बसली की मात्र पुलापर्यंत जाऊन येईस्तोवर सुजाताबाईंचं तोंड थांबायचं नाही. माणसं समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी बसून जास्त बोलतात, हे मी पाहिलंय.

दुखणं सुरू झालं गेल्या वर्षी. माझ्या गिअरचा दांडा वर दिसतो, पण तो थेट गिअरबॉक्सला जोडलेला नाही. मध्ये लोखंडी सळ्या आहेत आणि त्यांच्या सांध्यांत अंगठीएवढे प्लास्टिकचे बुश. हाताचा हुकूम त्यांच्यामार्फत खाली पोचतो. ते चार बुश झिजत झिजत भुसभुशीत झाले. महेंद्र दुसरा गिअर मागायचा, खाली चौथा पोचायचा.

नेमक्या त्याच महिन्यात महेंद्रच्या डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या. मानेमुळे होतंय, व्यायाम करा, असं दवाखान्यात सांगितलं होतं. गिअर चुकला की तो हात झटकायचा, बोटं उघडमीट करायचा. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारा हा माणूस, पण मला तपासायचं त्याच्या मनातच आलं नाही. दोष माझा होता आणि तो स्वतःच्या हाताला लावत होता. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

मग तो दिवस आला. किल्ल्याच्या चढावर समोर हातगाडी आडवी आली म्हणून महेंद्र थांबला. पहिला टाकला. माझ्याकडे पहिल्याच्या शेजारीच रिव्हर्स आहे, आणि तोच पडला. क्लच सोडताच मी मागे उडाले. मागून मासळी विकणारी गोदा येत होती, बांगड्यांची पाटी डोक्यावर घेऊन. ती बाजूला झाली म्हणून वाचली. पाटी पडली, बांगडे रस्ताभर.

महेंद्र धावत उतरला. तिला लागलं नाही ना, हे त्यानं चारदा विचारलं. दोघं मिळून बांगडे गोळा करायला लागली, तेव्हा त्याचा हात थरथरत होता. गोदानं ते पाहिलं. "माणूस वाचला ना दादा," ती म्हणाली, "मासे काय, धुतले की झाले."

ती थरथर भीतीची होती. महेंद्रनं तिचा अर्थ वेगळाच लावला.

त्यानं मला शेडमध्ये लावलं आणि वरून कापड ओढलं. चार दिवस माझ्याकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी पुण्याच्या गौरव नावाच्या माणसाला त्यानं फोन केला. हा गौरव जुन्या गाड्या जमवायचा आणि दोन वर्षं माझ्यासाठी मागे लागला होता. रविवारी या, असं महेंद्रनं सांगितलं. कारण मात्र घरात कुणाला सांगितलं नाही. सुजाताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदाच वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

आईनं फोन करून बोलावलं म्हणून शनिवारी सकाळी त्यांची मुलगी रसिका आली. ती देवरूखला मुलामुलींना लेथ मशीन चालवायला शिकवते. आईनं शेडमध्ये पापड घालायला जागा हवी म्हटलं, म्हणून ती मला बाहेर काढायला बसली. रिव्हर्स टाकला आणि मी गेले पुढे, थेट शेडच्या मागच्या पत्र्यापर्यंत. रसिकानं पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मग तिनं मला बंद केलं, गोणपाट पसरलं आणि माझ्याखाली शिरली.

बाहेर आली तेव्हा कपाळाला ग्रीस लागलं होतं. तळहातावर काळा भुगा. बापाला हाक मारून तिनं तो दाखवला. बुश उरलेलाच नाही, म्हणाली, आणि एवढ्याशा कामासाठी गाडी का देताय असं विचारलं.

महेंद्रनं तो भुगा बोटांनी चोळून पाहिला. मग म्हणाला, "हात साथ देत नाय गो आता. कुणाला लागण्याआधी थांबावं, असं वाटलं."

रसिकानं हात गोणपाटाला पुसले. तिनं त्याला आत बसवलं, मला गिअरमध्ये टाकलं आणि त्याचा हात दांड्यावर ठेवला. "आता हलवा." गिअरमध्ये असूनही दांडा ताकातल्या रवीसारखा गोल फिरला. मग तिनं त्याचा हात बाजूला करून स्वतःचा ठेवला. तसाच फिरला.

"बाबा, हा काय तुमचा हात हलतोय?"

महेंद्रनं तोंड फिरवलं. खांदे तेवढे हलत होते. सुजाताबाई पापडांचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि आत निघून गेल्या, डोळे पुसायला.

माझे बुश आता कुठे मिळत नाहीत. रसिका दुपारी एमआयडीसीत धोंडूशेठच्या वर्कशॉपला गेली, सळ्यांच्या पिना मोजून नायलॉनच्या रॉडमधून चार बुश स्वतः कातून घेऊन आली. रविवारी सकाळी बापलेक दोघंही माझ्याखाली आडवी. जुनं काढलं, पिना घासून चकचकीत केल्या, ग्रीस लावून नवे बुश बसवले. शेवटची क्लिप राहिली. ती जागा अशी अडचणीची की तिथे डावाच हात जातो. रसिका म्हणाली, "माझा नाय पोचत. तुम्हीच बघा."

तिचा हात पोचत होता. मला विचारा.

महेंद्रनं दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा क्लिप बसली, टक् असा आवाज आला. त्यानंतर त्यानं पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स असे सगळे गिअर टाकून पाहिले. प्रत्येक जिथल्या तिथे. किती महिन्यांनी मला हुकूम नीट ऐकू आला!

अकराला गौरव आला. माणूस चांगला. काचेच्या दालनात ठेवीन, म्हणाला, पावसाचा थेंब लागू देणार नाही. ऐकूनच माझं तेल गार झालं. महेंद्रनं त्याला शेजारी बसवलं आणि किल्ल्याच्या त्याच चढावर नेलं. मध्यावर मुद्दाम थांबला, पहिला टाकला, आणि मी लोण्यातून सुरी जावी तशी पुढे निघाले. परत आल्यावर महेंद्र म्हणाला, "माफ करा. गाडी देत नाय. आलात तसे जेवून जा." गौरव खट्टू झाला, पण सुजाताबाईंच्या हातची सुरमई खाऊन निवला.

त्यानं निरोप घेतला. महेंद्र मला शेडमध्ये लावायला निघाला, तर सुजाताबाई दारापाशी उभ्या. पण शेजारच्या सीटच्या दाराशी नाही.

"सरका," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं बाजूला बसले. आता मला शिकवा."

हल्ली मी बरी आहे. महेंद्रच्या हाताला अजून मुंग्या येतात, तो मानेचे व्यायाम करतो आणि गाडीही चालवतो. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी जुनं असेल आणि ऐकेनासं झालं, तर स्वतःला बोल लावण्याआधी एकदा खाली वाकून बघा, एवढं सांगणं.

आणि एक विनंती. सकाळी सातच्या सुमाराला मांडवीच्या रस्त्यात मधोमध एक लाल गाडी गचके खात बंद पडलेली दिसली, तर हॉर्न वाजवू नका. गाडीत काही बिघाड नाही. सुजाताबाई क्लच शिकतायत.