उन्हात वाळत घातलेली कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे आणि मला उन्हाची फार धास्ती वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. पण माझ्यात जीव भरला जिंतूरच्या शिवकन्याताईंनी. गावात केबल नवी होती तेव्हा त्यांनी ‘या, बसा’ हा कार्यक्रम सुरू केला. गाणी, नकला, कोडी, मेंढपाळाची शीळसुद्धा. तसले काही आमच्याकडे कुणी पाहिले नव्हते. “बाईमाणूस टीव्हीवर काय बडबडायलीय?” म्हणून लोकांनी आधी नावे ठेवली. मग त्याच लोकांच्या गल्ल्या शुक्रवारी संध्याकाळी ओस पडू लागल्या.

ताई हात जोडून “या, बसा” म्हणाल्या की घरी त्यांची आई, धुरपताबाई, टीव्हीसमोर टेकत आणि मोठ्याने उत्तर देत, “बसले गं बाई.” सगळे हसत. त्या मात्र हसत नसत.

पुढे डिश आली आणि कार्यक्रम बंद पडला. केबलवाल्याने बाकीच्या कॅसेटांवरचे ‘या, बसा’ पुसून त्यांवर लग्ने भरली. ताईंच्या घरी होते म्हणून मी तेवढी वाचले. आजही जिंतूरचे हॉटेलवाले ताईंच्याच सुरात “या, बसा” म्हणतात. सूर कुणाचा, हे पोरांना ठाऊक नाही.

ताई वारल्या. धुरपताबाईंनी मला ज्वारीच्या कोठीत, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवले. दर उन्हाळ्यात ज्वारीबरोबर मलाही माळवदावर वाळत घालू लागल्या. माया खरी होती हो, पण उन्हाने माझी फीत कडक होत चालली. ताईंचा एकेक शब्द जळतोय, असे वाटून माझा जीव टांगणीला लागे. सांगणार कशी?

यंदा ताईंची मुलगी मंजुषा परभणीहून आली आणि मला पाहून हादरली. “आज्जी, कॅसेट उन्हात ठेवत असतेत का?”

“मग? कीड लागू द्यायची का तिला?”

मंजुषाने मला ओढणीत गुंडाळले आणि आजीलाही सोबत घेतले.

परभणीला जुन्या कॅसेटांची नक्कल करून देणारा दुकानदार म्हणाला, “फीत लय कडक झाली. एकदा चालंल, पुन्हा सांगता येत न्हाई.” त्याने नक्कल करायचे यंत्र आधी सुरू केले, मग मला आत सरकवले. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी कुणी पडून असेल. नुसती जपून ठेवू नका, वेळेत लावा, ऐका. माझ्या वाट्याची भीती तिच्या वाट्याला येऊ देऊ नका.

पडद्यावर नुसत्या रेघा आल्या. चेहरा नाही, खरखर तेवढी. धुरपताबाई उठून उभ्या राहिल्या. “कुठंय माझी लेक?”

आणि त्या रेघांमधून आवाज आला, “या, बसा.”

धुरपताबाई होत्या तिथेच खाली टेकल्या. “बसले गं बाई.”