सुरतेकडे वळवलेला अँटिना

गावात टीव्ही आल्यापासून उखर्डूआबांना एक गोष्ट पक्की कळली होती. पडद्यावर मुंग्या आल्या की छपरावर चढायचं आणि अँटिना फिरवायचा. पंचायतीतला नवा बिनतारी टेलिफोन कुरकुरला तेव्हाही त्यांनी तेच केलं. माणूस आगाऊ नव्हता हो, घायकुतीला आला होता.

लेक कमल सुरतेला. पहिलंच बाळंतपण, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, म्हणून आई भिकुबाईच तिकडे गेल्या होत्या. एके दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "डॉक्टर म्हनस, ऑपरेशन..." एवढं ऐकू आलं आणि पुढे नुसती खरखर. आबांनी ओरडून ओरडून घसा बसवला. मग शिडी लावून पंचायतीच्या धाब्याच्या छतावर चढले, पान्याने नट सैल केला आणि अँटिना मावळतीला, सुरतेकडे, नीट वळवून ठेवला. जिकडे पोर तिकडे तोंड, यात चुकण्यासारखं काय होतं?

झालं, होती ती खरखरही गेली. फोन मुका झाला. आबांच्या पोटात अन्न जाईना. सुरतेची गाडी धरावी, तर तेवढ्यात फोन आला म्हणजे? ऑपरेशनचं पुढे काय झालं, पोर जगली की नाही, हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. ते फोनसमोर बाकावर बसले ते उठलेच नाहीत.

सरपंच तोतारामभाऊंनी भडगावला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथला मेकॅनिक गिरधर सायकल हाणत आला. त्याने पेटी उघडली, बॅटरी तपासली, वायरी हलवून पाहिल्या. सगळं ठीक. मग तो वर चढला आणि वरूनच कडाडला, "अँटिना कोणी फिरवला?"

"वानरं!" सरपंचांनी बेधडक ठोकून दिलं.

"वानरं पाना घेऊन येतात काय?"

आबा गप्प बसले असते तरी चाललं असतं. वानरं काही तक्रार करायला येणार नव्हती. पण ते अंगणात येऊन उभे राहिले.

"हाई काम मन्हं शे, भाऊ. मन्ही पोर सुरतले शे. आवाज बारीक ये, म्हनीसन..."

गिरधर चांगला झापायच्या तयारीत होता. आबांचा चेहरा पाहिला आणि तो नरमाईने समजावू लागला.

"आबा, सुरतेचा आवाज तारेने भडगावला येतो आणि तिथून हवेतून इथे. कुणाचाही फोन असो, याचं तोंड भडगावकडेच पाहिजे."

त्याने अँटिना उगवतीला वळवून नट आवळला. अँटिनाने सुरतेकडे पाठ केली, ते आबांना बघवेना. बुद्धीला पटत होतं, जिवाला पटत नव्हतं.

गिरधर शिडी उतरतो न उतरतो तोच घंटी वाजली. आबांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. जावयाने कमलला दवाखान्यातल्या फोनपाशी आणून बसवलं होतं. आवाज थकलेला, पण शेजारी बसून बोलावं तितका स्वच्छ.

"आबा, पोर व्हयनी. मी बरी शे." आणि मग ती रडायलाच लागली. "कालदिनपाईन फोन लाई ऱ्हायनूत. कोठे व्हतात तुम्ही?"

आबांना हुंदका आवरेना.

"आठेच व्हतू, माय. तुन्हाकडेच तोंड करीसन बशेल व्हतू."